कांडपावर मिरची आणण्याआधी

गडहिंग्लजमध्ये आमचं मिरची कांडप आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. शिमग्यापासून वळवाचा पाऊस सुरू होईपर्यंत दारात पिशव्यांची रांग असते. पिशवी उघडून मूठभर मिरची हातात घेतली की ते तिखट कसं होणार हे तिथंच कळतं. यंत्र सगळ्यांना एकच, मुसळं तीच, चाळणी तीच. तरी एकीचं तिखट वर्षभर लालबुंद राहतं आणि दुसरीचं श्रावणातच काळपटतं, गुठळ्या धरतं. हा फरक बाजारात आणि गच्चीवर पडलेला असतो. कांडप फक्त बारीक करतं. म्हणून मिरची माझ्याकडे येण्याआधी घरी काय करायचं ते इथे सविस्तर सांगते, कुटण्याचं थोडक्यात.

कोणती मिरची आणि किती

तिखटाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: रंग, झणका आणि चव. एकाच मिरचीत तिन्ही पुरेशा मिळणं अवघड, म्हणून मिसळ करायची.

रंगासाठी ब्याडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही मिरची. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गर्द लाल, सालीला सुरकुत्या, तिखटपणा बेताचा. तिच्या रंगाचा अर्क काढून लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्येसुद्धा वापरतात, यावरून त्या रंगाची कल्पना करा. बाजारात तिचे दोन प्रकार मिळतील. डब्बी म्हणजे आखूड आणि फुगीर, कड्डी म्हणजे लांब काडीसारखी. रंगाला डब्बी सरस, आणि तिचा भावही चढा. ब्याडगीसारख्याच दिसणाऱ्या संकरित मिरच्याही ढिगात असतात आणि त्या चांगल्याच तिखट निघतात. दुकानदाराला सरळ विचारा, आणि टोकाचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघा. अस्सल ब्याडगी जिभेला चटका देत नाही, हळू चढते.

चवीसाठी आमच्याकडे संकेश्वरी. आम्ही तिला जवारी म्हणतो. लांब, सडपातळ, झणझणीत, आणि कुटताना जो वास सुटतो तो दुसऱ्या कुठल्या मिरचीला नाही. आमच्या बाजार समितीत ती सौद्याला येते तेव्हा बघायला जाण्यासारखं असतं. महाग आहे, पण किलोभर मिसळीत पाव किलो जवारी घातली तरी तिखटाचं रूप पालटतं. ही आमच्या भागाची मिरची म्हणून मी कौतुक करते असं समजू नका. एकदा वापरून बघा.

झणका वाढवायचा तर लवंगी, गुंटूर किंवा तेजा. इथे हात आखडता ठेवा. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधतज्ज्ञाने 1912 मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली, आजही त्याच्याच नावाच्या एककात तो सांगतात. त्या मोजणीत ब्याडगी साधारण 8,000 ते 15,000, गुंटूर 35,000 ते 40,000 आणि तेजा 75,000 च्या पुढे. म्हणजे शंभर ग्रॅम तेजात सात-आठशे ग्रॅम ब्याडगीइतका तिखटपणा असतो. 'थोडी जास्त घातली तर काय होतंय' असं म्हणून पाव किलो तेजा घातलेली पिशवी दर वर्षी माझ्याकडे येते, आणि मग ती पुन्हा ब्याडगी मिसळून कुटायला परत येते.

माझं प्रमाण एका किलोला असं: ब्याडगी 600 ग्रॅम, जवारी 300 ग्रॅम, गुंटूर 100 ग्रॅम. घरात लहान मुलं किंवा पोटाच्या तक्रारीची माणसं असतील तर गुंटूर वगळा, ब्याडगी 750 आणि जवारी 250 घ्या. विदर्भात राहत असाल तर जवारीच्या जागी भिवापुरी घ्या, तिकडे ती ताजी मिळते. आपल्या जवळच्या मातीतली ताजी मिरची लांबून आलेल्या जुन्या मिरचीपेक्षा केव्हाही बरी. मुंबईकरांनी लालबागच्या मिरची गल्लीत जावं. तिथे सगळ्या जाती एका जागी बघायला मिळतात आणि कुटूनही मिळतात.

घेताना काय बघायचं

नवा माल आमच्याकडे जानेवारीपासून येऊ लागतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर असतो. तेव्हाच घ्या. नंतर मिळते ती शीतगृहातली. ती वाईट नसते, पण बाहेर काढल्यावर ओलावा धरते आणि तिला ऊन जास्त लागतं.

मिरची कानाजवळ नेऊन हलवा. आत बी खुळखुळलं पाहिजे. मूठभर मिरच्या दाबून सोडा. हाताला गार आणि लवचीक लागल्या तर पाण्याचं वजन विकत घेताय असं समजा. वजन वाढवायला पाणी शिंपडलेला माल बाजारात असतो. सालीवर पांढरट पट्टे असलेली, रंग उडालेली ती फटकी. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तिने सगळ्या तिखटाचा रंग फिका होतो. उलट साल अवास्तव चकचकत असेल तर पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर घासून बघा. तेल किंवा रंग लावलेला असेल तर डाग उमटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक जातीच्या चार-पाच मिरच्या उभ्या फोडून आत बघा. बाहेरून देखणी दिसणारी मिरची आतून करडी किंवा काळी बुरशी धरलेली असू शकते. नीट न वाळवता पोत्यात भरली की असं होतं. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते नंतर कितीही ऊन दिलं किंवा भाजीत उकळलं तरी जात नाही. अशी मिरची चाळून, निवडून वापरायची नसते. ढिगातल्या चारातली एक जरी तशी निघाली तरी तो ढीग सोडा.

ऊन

माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींतल्या आठ उन्हाच्या असतात, म्हणून इथे जरा थांबते.

मिरची धुऊ नका. कोरड्या सुती फडक्याने पुसा. अगदीच धुळीने माखली असेल तर सकाळी लवकर एकदाच पाण्यातून काढा, लगेच निथळा आणि त्याच दिवशी कडक ऊन द्या. ढगाळ दिवशी हा प्रयोग करू नका.

पहिल्या दिवशी देठांसकट वाळत घाला. देठ असेपर्यंत मिरचीचं तोंड बंद राहतं, आत धूळ जात नाही. एक कडक ऊन मिळालं की देठ कडक होतो आणि नुसत्या अंगठ्याच्या दाबाने टपकन निघतो. ओलसर मिरचीचे देठ काढत बसलं की नखं दुखतात, हाताची आग होते आणि देठाची टोपी सालीलाच राहते. ती टोपी नीट निघाली पाहिजे. देठाला चव नसते, रंग नसतो, आणि कुटल्यावर त्याच्या धाग्यांमुळे तिखट खरखरीत लागतं. देठ काढायला बसण्याआधी हातांना खोबरेल चोळा. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे नंतर आग झालीच तर नुसतं पाणी ओतत बसू नका. आधी तेल चोळा, पुसा, मग साबणाने धुवा.

खाली सुती कापड घाला, जुनी साडी किंवा धोतर. प्लास्टिकवर घातलं तर खालच्या बाजूला घाम धरतो. एकाच थरात पसरा, मिरचीवर मिरची नको. वरून पातळ मलमल किंवा जुनी ओढणी टाका. धूळ आणि पाखरं लांब राहतात हा एक फायदा. दुसरा असा की लाल रंग सरळ उन्हात फार वेळ राहिला तर उडतो. आपल्याला उष्णता हवी, उन्हाचा मारा नको. म्हणून 'आठवडाभर वाळवली, आता तर भारीच होईल' असं कुणी म्हणालं की मला पिशवीत फिकट मिरची दिसणार हे ठरलेलं. फेब्रुवारी-मार्चच्या चांगल्या उन्हात वाळलेल्या मिरचीला दोन ते तीन दिवस पुरतात. दुपारी एकदा हलवा.

ऊन कलायच्या आत मिरची घरात घ्या. इतक्या जणी इथेच चुकतात. रात्रभर गच्चीवर राहिलेली मिरची पहाटेच्या दवात पुन्हा मऊ पडते आणि आदल्या दिवसाचं ऊन वाया जातं. घरात आणल्यावर गरम मिरची लगेच पिशवीत कोंबू नका. कापडावर पसरून निवू द्या, मग कोरड्या डब्यात किंवा जाड पिशवीत तोंड बांधून ठेवा.

वाळली हे कसं ओळखायचं? मिरची मधोमध वाकवा. वाकली तर अजून ऊन हवं. कडकन मोडली, साल आणि बी वेगळं झालं आणि मोडलेली कड हाताला टोचली, तर झालं. ब्याडगीची साल जाड आणि सुरकुतलेली असल्यामुळे ती फसवते. वरून कुरकुरीत लागते आणि सुरकुतीच्या आत ओल असते. म्हणून ब्याडगी एक ऊन जास्त खाते, आणि म्हणूनच तिन्ही जाती वेगवेगळ्या वाळवायच्या, एकत्र कुटायच्या वेळी करायच्या.

कढईत भाजण्याबद्दल नेहमी विचारतात. मालवणी मसाल्याला किंवा आमच्या कांदा-लसूण चटणीला जे भाजायचं, परतायचं ते त्या त्या रीतीने करा. साध्या लाल तिखटाला भाजू नका. मिरची जरा जास्त तापली की रंग तांबूस-तपकिरी होतो आणि करपट वास येतो, तो वर्षभर प्रत्येक भाजीत येत राहतो. पावसाळ्यात अडचण आली तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर फक्त गरम करा, सतत हलवत. ठसका उठायला लागला की समजा आच जास्त झाली. ओव्हन असेल तर 50 ते 60 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून. परदेशात राहणाऱ्या लेकी-सुना फळं सुकवायच्या यंत्रात याच तापमानाला वाळवतात, तेही उत्तम होतं.

दारातल्या झाडाच्या ओल्या लाल मिरच्या वाळवायच्या असतील तर पूर्ण पिकलेल्याच तोडा. अर्ध्या हिरव्या वाळून पांढऱ्या पडतात. एक-दोन दिवस सावलीत पसरून रंग सारखा होऊ द्या, मग ऊन. त्यांना दहा-पंधरा दिवस सहज लागतात.

बी काढायचं का?

तिखटपणा बियांत असतो असं समजून बरेच जण बी काढून टाकतात. तो बियांत नसतो. बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं त्या शिरेत असतो, आणि तिला लागून असल्यामुळे बियांनाही थोडा लागतो. बियांनी तिखटाला अंग येतं, रंग मात्र थोडा फिका होतो. मी मिरचीच्या पोटातलं बी ठेवते. पिशवीच्या तळाशी सांडलेलं सुटं बी मात्र चाळून टाकते, कारण त्यात माती आणि देठांचा चुरा असतो. पाव-भाजीसारख्या पदार्थांसाठी अगदी लालभडक तिखट हवं असेल तर त्या पाव किलो ब्याडगीचंच बी काढा, सगळ्याचं नको.

कांडपावर

दुपारी या. बारा ते तीनच्या दरम्यान, मिरची उन्हातून उचलून तशीच गरम. तेव्हा ती सगळ्यात कुरकुरीत असते, मुसळाखाली पटकन फुटते आणि कमी वेळ कुटावी लागते. संध्याकाळी आणलेल्या त्याच मिरचीने हवेतला ओलावा ओढलेला असतो, मग ती मुसळाला चिकटते, कुटायला वेळ लागतो आणि तिखट तापतं.

तापण्याचाच सगळा खेळ आहे. कांडपात लोखंडी मुसळं मोटरवर वरखाली होतात आणि उखळातली मिरची ठेचली जाते. कुटलेलं चाळायचं, चाळणीवर उरलेली भरड पुन्हा उखळात. वेळ लागतो, पण माल फार तापत नाही, वास टिकतो. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत काम झटपट होतं आणि तिखट मऊसूत निघतं, पण ते गरम निघतं. चक्कीवर दळायचं असेल तर एकदम बारीक न दळता दोनदा दळून घ्या, मध्ये निवू द्या.

तुमच्याआधी कुणाचं काय कुटलं, हे विचारायला लाजू नका. हळद किंवा गरम मसाला कुटल्यावर लगेच तुमची मिरची टाकली तर वास येणारच. मुसळं झाडून घ्यायला सांगा आणि पहिली मूठभर भरड वेगळी काढायला सांगा. चांगला कांडपवाला याला नाही म्हणत नाही.

मीठ घालायचं तर खडेमीठ कोरडं भाजून, किलोला 50 ग्रॅम, मिरचीबरोबरच कुटायचं. टिकायला मदत होते. भाजीत मीठ घालताना मात्र ते लक्षात ठेवा. काही जणी वरून तेल चोळतात. तेलाने रंग खुलून दिसतो आणि तिखट उडत नाही. तीन-चार महिन्यांत संपणाऱ्या तिखटाला किलोला दोन चहाचे चमचे तेल चोळा, हरकत नाही. वर्षाच्या तिखटाला मी लावत नाही, कारण तेल पुढे खवट होतं. किलोभर मिरचीतले देठ, उडालेला ओलावा आणि चाळणीवर राहणारा चोथा वजा जाता तुमच्या हाती किलोपेक्षा कमी तिखट येणार, हे गृहीत धरून मिरची घ्या.

भरून ठेवणं

घरी नेल्यावर पहिलं काम, पिशवी उघडून तिखट स्वच्छ कापडावर किंवा परातीत पसरा, पंख्यापासून लांब. पूर्ण निवू द्या, दोन-तीन तास तरी. गरम तिखट बरणीत भरलं की झाकणाला आतून पाणी सुटतं. गुठळ्यांची सुरुवात तिथून होते.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची, धुऊन उन्हात वाळवलेली. तळाला खड्याच्या हिंगाचे दोन-तीन खडे, मग तिखट दाबून दाबून भरायचं, मध्ये हिंग, वर हिंग. किलोला दहा ग्रॅम हिंग पुरतो. किडे लांब राहतात. दाबून भरायचं ते मध्ये हवा राहू नये म्हणून. हवा आणि उजेड या दोन्हींनी लाल रंग उडतो. काचेची बरणी असेल तर कपाटात ठेवा किंवा भोवती जाड कागद गुंडाळा. तोंडाला कोरडा दादरा बांधून झाकण.

मोठी बरणी रोज उघडायची नाही. महिन्याचं तिखट लहान डब्यात काढून घ्यायचं, तेही कोरड्या दिवशी, कोरड्या चमच्याने. आणि मिसळणाचा डबा उकळत्या भाजीवर धरून चमचा झटकायची सवय सोडा. वाफ सरळ तिखटात जाते. फ्रिजमध्ये ठेवलंत तर रंग आणखी चांगला टिकतो, पण बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार तिखटावर दव धरतं.

बाजारच्या तिखटाशी ताडून बघायचं असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि वरून चमचाभर तिखट टाका, ढवळू नका. रंगाच्या लाल रेघा लगेच खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे. तळाला बसलेलं बोटांनी चोळा. रेतीसारखं करकरलं तर विटेची भुकटी किंवा वाळू, साबणासारखं गुळगुळीत लागलं तर शिरगोळ्याची पूड. तेलात विरघळणारे रंग या परीक्षेत पकडले जात नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते.

थोडंसंच हवं असेल तर

दोघांच्या घरात किलोभर मिरची कशाला? दोनशे ग्रॅम घ्या, मिक्सर पुरतो. वाळवण्याचे नियम तेच. मिरच्या कात्रीने तुकडे करून घ्या, भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. एकसारखं फिरवू नका. दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. भांडं बाहेरून कोमट लागलं की पाच मिनिटं विश्रांती. वाटून झाल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. दहा मिनिटं तसंच राहू द्या, उडालेली पूड खाली बसते. नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहील ती भरड पुन्हा फिरवा. तरीही उरलेला चोथा मी ठेच्यात किंवा आमटीच्या फोडणीत वापरते.

भांडं धुण्याआधी त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवा. कडेला आणि पात्यांखाली अडकलेलं तिखट ते तांदूळ उचलून घेतात. ते लालसर पीठ थालीपिठाच्या भाजणीत घाला, मग भांडं साबणाने धुऊन उन्हात पालथं घाला.